संध्याकाळच्या दळणाचा दर : महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र वीज नियामक आयोग,
कफ परेड, मुंबई

सविनय नमस्कार.

कराड तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर घर. गिरणीचा मीटर वेगळा, घराचा वेगळा. 2024 च्या दिवाळीआधी आम्ही घराच्या स्लॅबवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. त्यामुळे आपण कफ परेडला बसून विजेच्या दराबद्दल आणि नियमांबद्दल जे ठरवता ते माझ्या घरात दोन दारांनी येतं. एक दळणाच्या हिशेबातून, दुसरं स्लॅबवरच्या पॅनेलमधून. हे पत्र दोन्हींबद्दल आहे.

सध्या सगळीकडे विजेच्या घड्याळाची चर्चा आहे. विजेचा एकच दर दिवसभर ठेवायचा नाही, ऊन असताना स्वस्त आणि दिवे लागणीनंतर महाग, असं धोरण देशभर येतंय. केंद्राने जून 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून तसं लिहूनच टाकलं. सौर तासांत दर नेहमीपेक्षा निदान 20 टक्के कमी ठेवायचा. मागणी चढते त्या तासांत तो व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना निदान 1.20 पट आणि बाकीच्यांना 1.10 पट लावायचा. शेतीला यातून वगळलं. 10 किलोवॅटच्या वरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2024 ही तारीख दिली, बाकीच्यांसाठी 1 एप्रिल 2025, आणि स्मार्ट मीटर बसला की लगेच. आपल्या राज्यात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांची सूट सुरू झाली. ती चांगली गोष्ट आहे. पण सूट देणं सोपं असतं. संध्याकाळचा जादा दर छोट्या धंद्यांना कसा लावायचा आणि छपरावरच्या विजेचा हिशेब कुठल्या तासाला धरायचा, हे अवघड निर्णय आपल्यालाच करायचे आहेत. ते करण्याआधी माझ्या गिरणीतली संध्याकाळ आपल्याला दाखवावी, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे संध्याकाळी सहा ते नऊ ही गिरणीची खरी वेळ. रानातून बायका परततात, काही जणी वाटेतच वाण्याकडून धान्य घेऊन थेट गिरणीत येतात. कुणाच्या पिशवीत तीन किलो ज्वारी असते, कुणाच्या दोन किलो गहू. आजच्या मजुरीत तेवढंच आलं. "मावशी, आधी माझं टाका, पोरं वाट बघत्यात" हे वाक्य मी रोज ऐकते. रांगेत कुणाला पुढे घ्यायचं यावरून थोडी बोलाचालीही होते. दळण हातात पडलं की अर्ध्या तासात त्याची भाकरी तव्यावर असते.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, मग आठवड्याचं एकदाच दळून ठेवा, दुपारी या. गव्हाचं तसं चालतं. ज्वारीचं चालत नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेने तुटते आणि परातीतून उचलताना हातात दोन तुकडे येतात. म्हणून ज्वारी खाणारं घर थोडं थोडं आणि ताजंच दळून आणतं. मजुरी हातात संध्याकाळी पडते. पीठही संध्याकाळीच लागतं. त्या बाईने आपलं घड्याळ कुठे सरकवायचं?

जे सरकवता आलं ते मी सरकवलं आहे, हेही सांगते. शिक्षक, बँकेतले, दुकानदार सकाळी डबा ठेवून जातात. डब्यावर चिठ्ठी, माझ्या वहीत नोंद. ही दळणं मी अकरा ते तीनच्या मध्ये काढते. हरभरा डाळ, भाजणी, उन्हाळ्यात मिरची-हळदीचं कांडप, सगळं दुपारीच. असं करत निम्म्याच्या आसपास काम उन्हाच्या वेळेत आलं. उरलेलं निम्मं हातावर पोट असणाऱ्यांचं आहे, ते सरकत नाही. संध्याकाळचा जादा दर गिरणीला लागला तर मला दळणाचा भाव वाढवावा लागेल, आणि तो वाढेल तो नेमका त्यांच्याच पिशवीवर. डबा ठेवून जाणाऱ्याला दुपारचा स्वस्त दर मिळेल, मजुरीवरच्या बाईला संध्याकाळचा महाग. कागदावर हा दर सगळ्यांना सारखाच दिसेल.

आता स्लॅबवरचं. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, एक कोटी घरांसाठी. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. उरलेल्या पैशासाठी आम्ही गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, हप्ते अजून चालू आहेत. त्या वेळी आम्हाला हिशेब असा समजावला गेला: दुपारी पॅनेल जी वीज तयार करतं त्यातली घरात लागेल ती लागते, उरलेली तारेतून बाहेर जाते. रात्री घराला लागते ती तारेतून आत येते. महिन्याला वजाबाकी, शिल्लक पुढच्या महिन्यात, आणि 31 मार्चला वर्षाचा हिशेब बंद. आपल्याच आयोगाच्या 2019 च्या विनियमांची ही रीत आहे, नेट मीटरची. स्वच्छ उन्हात तीन किलोवॅटला दिवसाला बाराएक युनिट पडतात. श्रावणात निम्मेही नाहीत. उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्याला आणि दुपारची शिल्लक रात्रीला, या भरवशावरच कर्जाचं गणित मांडलं होतं.

मग 2025 च्या सुरुवातीला महावितरणच्या पाच वर्षांच्या दर याचिकेतून विषय निघाला की सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत तयार झालेली सौर वीज त्याच वेळेतल्या वापरातून वजा व्हावी. छपरावर सोलर असलेल्या लोकांत राज्यभर खळबळ उडाली. घरगुती ग्राहकांना त्याची झळ लागणार नाही असं सांगण्यात आलं, पण आमच्या पोटातला गोळा गेला नाही. दुपारी आमच्या घरात फ्रीज आणि सासूबाईंचा पंखा एवढंच चालतं. दुपारची वीज दुपारीच वापरायची असेल तर पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा आमच्या हिशेबातून निसटतो.

वीज कंपनीची अडचण मला समजत नाही असं नाही. ती खरी आहे. दुपारी राज्यभरातून सौर वीज एकदम येते, तेव्हा तिला भाव नसतो. सात वाजता ऊन नसतं आणि प्रत्येक घरात दिवा, टीव्ही, मिक्सर, आणि माझी गिरणीही चालू असते. ती वीज कोळशावरून किंवा बाजारातून महाग घ्यावी लागते. मी दुपारी दिलेलं युनिट आणि संध्याकाळी घेतलेलं युनिट यांची किंमत कंपनीला सारखी पडत नाही. हे आम्ही मान्य करतो, आणि त्याचा खर्च कुणीतरी उचलायला हवा हेही मान्य करतो.

आम्ही कोयनाकाठची माणसं आहोत. साठवलेली वीज म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. वर पाटण तालुक्यात कोयना धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर 1,960 मेगावॅटचा कोयना प्रकल्प चालतो. त्याचं वैशिष्ट्यच हे की मागणी चढली की पाणी सोडायचं, उतरली की थांबवायचं. पण वीज करायला पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं याला कृष्णा पाणीतंटा लवादाने 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे, म्हणजे ती साठवणही मोजूनमापूनच वापरावी लागते. त्या धरणासाठी गावंच्या गावं उठली आणि त्यातली काही कुटुंबं अजून पुनर्वसनासाठी झगडताहेत. संध्याकाळच्या विजेची किंमत कुणीतरी मोजतंच, फक्त ती बिलावर दिसत नाही.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की दुपारच्या शिल्लक विजेचं काय करायचं हा प्रश्न आधी सोडवावा आणि मग छपरावरच्या माणसाच्या हिशेबाला हात घालावा. घाटघरसारखा उदंचन प्रकल्प राज्यात 2008 सालापासून आहे, 250 मेगावॅटचा. खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी सोडायचं. तसे आणखी प्रकल्प, उपकेंद्राजवळ बॅटऱ्या, आमच्याकडच्या साखर कारखान्यांतली उसाच्या चिपाडावरची वीज, जी हंगामात रात्रीही मिळते. यातलं काय, कुठे आणि कधीपर्यंत येणार हे वीज कंपन्यांकडून लिहून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 86 अपारंपरिक वीज आणि सहवीजनिर्मितीला चालना देणं हे आपलं काम आहे असंच सांगतं.

आणि दुपारची वीज खरोखर सगळीकडे जास्त आहे का, हेही पाहायला हवं. माझा भाऊ ऊस करतो. त्याच्या पंपाला आठवड्यातले काही दिवस लाईट दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला तो हातात काठी आणि बॅटरी घेऊन जातो, वहिनी फोन उशाशी घेऊन जागी असते. आमच्या भागात उसात बिबट्या ही रोजची गोष्ट आहे, आणि साप तर कायमचेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा याच कारणासाठी आहे, शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा सौर वीज देण्यासाठी, आणि त्यात 16,000 मेगावॅटचं उद्दिष्ट आहे. हे काम मला मनापासून पटतं. भाऊ दिवसा पाणी पाजेल यापेक्षा मोठं सुख त्या घराला नाही. पण मग शेतीचे पंप रात्रीतून उठून दुपारी आले की त्या भागातली दुपारची मागणी बदलणार. मुंबईत दुपारी कार्यालयांचे एसी चालतात, इचलकरंजीत माग चालतात, आमच्या गावात दुपारी शुकशुकाट असतो आणि उद्या पंप चालतील. या सगळ्यांना एकच घड्याळ बांधताना कुठल्या फीडरवर कुठल्या तासाला किती वीज जाते आणि किती येते, हे लोकांसमोर मांडलेलं मला तरी दिसलं नाही. माझ्या पॅनेलवरचं युनिट चंद्रपूरच्या कोळशाच्या वीज केंद्रातून येत नाही. ते गावातल्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, शेजारच्या घरात जातं. त्या युनिटाची खरी किंमत काढायची तर आमच्या डीपीपाशी येऊन काढावी लागेल.

आता सुनावणीबद्दल. हे लिहिताना मन जड होतं, कारण आयोगाबद्दल मला आदर आहे. 1999 साली आयोग आला त्याआधी विजेचा दर सरकार आणि मंडळ मिळून ठरवत, आणि सामान्य ग्राहकाला विचारायची रीतच नव्हती. आयोग आल्यावर दरवाढीच्या कागदावर लोक बोलू लागले. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ते कागद वाचून आकडे तपासले. कंपनीचा हिशेब भर सभागृहात तपासला जातो, ही फार मोठी गोष्ट या राज्यात झाली.

पण 2025 मध्ये जे झालं त्याने हा विश्वास हलला. पाच वर्षांचा दर आदेश 28 मार्च 2025 ला निघाला, लोकांच्या हरकती ऐकून निघाला. काही दिवसांतच त्याला स्थगिती आली. मग पुनर्विलोकन झालं आणि 25 जूनला बदललेला आदेश आला, 1 जुलैपासून लागूही झाला. पहिल्या आदेशाआधी झाली तशी जनसुनावणी या दुसऱ्या आदेशाआधी झाली नाही. प्रकरण पुढे न्यायालयात गेलं. त्यातले कायद्याचे बारकावे वकील सांगतील. मला एवढंच कळतं की ज्या दराने माझं बिल ठरतं तो बदलायचा असेल तर पहिल्यांदा विचारलंत तसं दुसऱ्यांदाही विचारायला हवं होतं. कलम 64 मध्ये लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्यायला सांगितलंय, आणि कलम 86 च्या तिसऱ्या पोटकलमात आयोगाने कामात पारदर्शकता ठेवावी असं स्पष्ट म्हटलंय.

पाच वर्षांच्या चौकटीचा मध्यावधी आढावा असतो. मागच्या वेळचा आदेश 31 मार्च 2023 ला आला होता. या वेळच्या आढाव्यात वेळेनुसार दर आणि छपरावरची वीज हे दोन्ही विषय पुन्हा निघतील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यात दिल्लीहून आणखी एक वारं येतंय. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये वीज कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा खुला केला. कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरचा क्रॉस सबसिडीचा भार, म्हणजे इतरांना वीज स्वस्त पडावी म्हणून ते जो जादा दर भरतात तो, पाच वर्षांत काढून टाकायचं त्यात म्हटलंय. तो भार उतरला की कुणाच्या तरी खांद्यावर येणार. तो खांदा कुठला हे शेवटी राज्याच्या आयोगाच्या तक्त्यातच ठरेल.

म्हणून काही गोष्टी मागते.

ज्यांनी आपल्या नियमांवर विसंबून सोलर बसवलं त्यांचा हिशेब ज्या दिवशी नेट मीटर लागला त्या दिवशीच्या नियमानेच, पॅनेलचं आयुष्य असेपर्यंत चालू ठेवा. नवा नियम करायचा तर नव्या माणसाला करा, म्हणजे तो कर्ज काढण्याआधीच विचार करेल. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये 10 किलोवॅटपर्यंतच्या छपरावरच्या सोलरला तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली, 5 किलोवॅटपर्यंत यंत्रणा मजबूत करण्याचा खर्च कंपनीवर टाकला, तो लोकांनी पुढे यावं म्हणूनच ना? बोलावून घेतलेल्या माणसाचं ताट मध्येच बदलू नये.

संध्याकाळचा जादा दर 10 किलोवॅटखालच्या पिठाच्या गिरण्यांना लावू नका. गिरणीला इतर उद्योगांच्या रांगेत बसवताना हे लक्षात घ्या की तिचं काम आमच्या मर्जीने ठरत नाही, लोकांच्या चुलीच्या वेळेने ठरतं. दुपारची सूट मात्र जरूर द्या. ती मिळाली तर माझ्यासारखे आणखी गिरणीवाले डब्यांची वही सुरू करतील.

फीडरनिहाय आणि तासानिहाय आकडे सुनावणीच्या आधी सगळ्यांना बघता येतील असे ठेवा. याचिकेचा सारांश मराठीत येतो, पण ज्या पानावर आमचा दर ठरतो ते पान इंग्रजी खंडात कुठेतरी आत असतं. निदान दराचे तक्ते, वेळांचे तक्ते आणि छपरावरच्या विजेचा भाग पूर्ण मराठीत द्या. पुढे कुठल्याही आदेशाचं पुनर्विलोकन होऊन दर बदलणार असेल तर पुन्हा लोकांना बोलवा, थोडा उशीर झाला तरी चालेल. कलम 94 खाली ग्राहकांची बाजू मांडायला आपण माणसं नेमू शकता. त्यात एखादी व्यक्ती छोट्या धंद्यांसाठी आणि एखादी ग्रामीण बायकांसाठी नेमा.

आणि सुनावणी मोठ्या शहरांच्या बाहेर न्या. साताऱ्याला किंवा कराडला ठेवलीत तर मी येईन. पुण्याला जायचं म्हणजे गिरणी दिवसभर बंद आणि त्या संध्याकाळी निम्म्या वस्तीची चूल उशिरा पेटते. कराडला असेल तर सकाळची दळणं उरकून, दुपारची एसटी धरून पोचता येईल. वर्षभराची दोन्ही मीटरची बिलं आणि डब्यांची वही सोबत आणेन. त्या वहीत कुठल्या तासाला कुणाचं किती दळण झालं ते रोजच्या रोज लिहिलेलं आहे. आपल्या अधिकाऱ्यांना ते आकडे उपयोगी पडतील असं मला वाटतं. फक्त संध्याकाळी सहाच्या आत मला परत सोडा.

आपली नम्र,
कराड तालुक्यातील एक वीज ग्राहक